शहर उभे करणारे हात आणि त्यांची मजुरी

आपल्या शहरांच्या प्रगतीचे कौतुक करताना आपण उड्डाणपूल मोजतो, मेट्रोचे मार्ग मोजतो, निवासी संकुलांचे मजले मोजतो. ते मजले ज्यांनी चढविले, त्या संकुलाच्या दारावर जे रात्रभर उभे असतात, तेथील कचरा जे पहाटे उचलतात, त्यांच्या हाती महिनाअखेरीस किती पडते, हा प्रश्न मात्र कोणत्याही विकास आराखड्यात नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली जगभरातील असंघटित श्रमिकांची मोजदाद प्रसिद्ध केली. तिच्यानुसार जगातील दर शंभर कामकऱ्यांपैकी साठांहून अधिक, म्हणजे सुमारे दोनशे कोटी माणसे, कोणत्याही सामाजिक संरक्षणाविना किंवा अत्यंत तुटपुंज्या संरक्षणावर काम करतात. आफ्रिकेत हे प्रमाण शंभरात पंच्याऐंशीच्या वर आहे.

आपल्या देशातील चित्रही फार वेगळे नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार शंभर कामकऱ्यांपैकी सुमारे ५८ स्वयंरोजगारात आहेत, सुमारे २० रोजंदारीवर आणि उरलेले जेमतेम २२ नियमित पगारावर. बिगरशेती क्षेत्रातील या नियमित पगारदारांपैकीही निम्म्याहून अधिकांच्या हाती नोकरीचा लेखी करार नाही. म्हणजे असंघटित श्रमिक हा अर्थव्यवस्थेच्या कडेला पडलेला कुणी उपेक्षित नाही. अर्थव्यवस्था त्याच्याच खांद्यावर उभी आहे. त्याच्या मजुरीचा प्रश्न म्हणूनच भूतदयेचा नव्हे, तर राष्ट्राच्या सामर्थ्याचा प्रश्न आहे.

‘थांबा’ सांगणारे सिद्धान्त

या प्रश्नावर पाश्चात्त्य विद्यापीठांतून गेली सात दशके विचार होत आहे. १९५४ साली आर्थर लुईस या अर्थतज्ज्ञाने आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. पुढे १९७९ साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. त्याचे सार असे, की खेड्यात अतिरिक्त मनुष्यबळ जोवर शिल्लक आहे, तोवर शहरातील मजुरी खेड्यातील निर्वाहाच्या पातळीहून फारशी वर जाणार नाही. स्वस्त मजुरीतून भांडवल साठेल, कारखाने वाढतील, अतिरिक्त माणसे त्यांत सामावली जातील आणि मग मजुरी आपोआप चढेल. तोवर श्रमिकाने थांबायचे!

१९७० साली हॅरिस आणि टोडारो यांनी या चित्रात एक दुरुस्ती केली. खेड्यातील माणूस शहरात येतो तो हमखास मिळणाऱ्या मजुरीसाठी नव्हे, तर मिळू शकेल अशा चांगल्या नोकरीच्या आशेने. शहरात शंभर नोकऱ्या निर्माण झाल्या, तर त्यांच्या आशेने शंभरांहून अधिक माणसे येतात आणि बेकारी घटण्याऐवजी वाढू शकते. केनियात १९६४ साली सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी त्रिपक्षीय करार करून नोकऱ्या वाढविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नेमका हाच अनुभव आला. नोकऱ्यांपेक्षा उमेदवारांचा ओघ मोठा ठरला.

तिसरी गोष्ट एका मानववंशशास्त्रज्ञाने निदर्शनास आणली. कीथ हार्ट याने घानाची राजधानी आक्रा येथे उत्तरेकडून आलेल्या स्थलांतरितांचा अभ्यास केला. सरकारी कागदांवर बेकार दिसणारी ही माणसे प्रत्यक्षात सकाळपासून रात्रीपर्यंत राबत होती. कुणी फेरी करीत होते, कुणी दुरुस्तीची कामे, कुणी ओझी वाहत होते. १९७१ साली त्याने हे मांडले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियाविषयक अहवालाने ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा जगभर नेली. गरीब माणसाला बेकार राहणे परवडतच नाही, एवढेच त्या शोधाचे तात्पर्य. आपल्या सेवावस्त्यांत नियमित जाणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे सत्य सांगण्यासाठी परदेशी अभ्यासकाची आवश्यकता भासली नसती.

या सिद्धान्तांतून एक गोष्ट मात्र निश्चित घेण्याजोगी आहे. शहरातील मजुरीचा तळ खेड्यात ठरतो. नाक्यावर उभा असलेला मजूर कितीपर्यंत खाली येईल, हे त्याच्यामागे गावात काय शिल्लक आहे यावर अवलंबून असते. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने जी रोजगार हमी योजना राबविली आणि १९७७ साली जिला कायद्याचे रूप दिले, तिचे महत्त्व याच कारणाने मोठे आहे. वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेने ग्रामीण माणसाला शहराच्या ठेकेदाराला ‘नाही’ म्हणण्याची थोडी तरी शक्ती दिली. नानाजी देशमुख यांनी गोंडा जिल्ह्यात ‘हर हाथ को काम, हर खेत को पानी’ हा मंत्र घेऊन जे कार्य उभारले, त्यामागील अर्थशास्त्रही हेच होते. ज्याच्या शेताला पाणी आहे, तो शहरात आला तरी लाचार होऊन येत नाही.

मुंबईचा उलटा प्रवास

पाश्चात्त्य सिद्धान्त सांगतात, की असंघटित कामाकडून संघटित कामाकडे जाणे हा प्रगतीचा स्वाभाविक क्रम आहे. मुंबईने मात्र याच्या नेमका उलट प्रवास केला. गिरणगावातील कामगाराला कायम नोकरी होती, महागाई निर्देशांकाशी जोडलेला भत्ता होता, भविष्यनिर्वाह निधी होता, बोनस होता. त्या पगारावर कोकणातील आणि घाटावरील हजारो घरे उभी राहिली, मुले शिकली. त्या व्यवस्थेतही उणिवा होत्या. ‘बदली’ कामगार वर्षानुवर्षे कायम होण्याची वाट पाहत असत आणि १९८२ च्या संपातील मागण्यांमध्ये त्यांचाही प्रश्न होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर एक संपूर्ण जीवनपद्धतीही विरली. कापड विणले जाणे थांबले का? मुळीच नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. तेथे बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि नगावर मजुरी. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले आणि गिरणी कामगाराचा मुलगा त्याच आवारात ठेकेदाराचा सुरक्षारक्षक म्हणून उभा राहिला. बापाच्या हाती कायम नोकरीचे ओळखपत्र होते. मुलाच्या अंगावर केवळ गणवेश आहे. तीस-चाळीस वर्षांत शहर श्रीमंत झाले आणि श्रमिक असंघटित झाला.

हे केवळ गिरण्यांपुरते घडलेले नाही. आज देशातील संघटित कारखानदारीतही सुमारे चाळीस टक्के कामगार ठेकेदारामार्फत आलेले असतात. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या दोघांपैकी एक कायम असतो आणि दुसरा त्याच्या निम्म्याहूनही कमी वेतनावर राबताना दिसतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन समाजबांधवांमध्ये अशी भिंत उभारणारी व्यवस्था समरसतेच्या कोणत्या व्याख्येत बसते?

दोन टोकांची औषधे

या रोगावर आजवर दोन औषधे सुचविली गेली. पहिले डाव्यांचे. वर्गसंघर्ष तीव्र करा, मालकाला नमवा, उद्योग बुडाला तरी चालेल. १९६७ नंतर पश्चिम बंगालमध्ये ‘घेराव’ हे शस्त्र बनले आणि एके काळी देशाची औद्योगिक राजधानी म्हणता येईल अशा कोलकात्याभोवतीची कारखानदारी खचत गेली. शिवाय डाव्या संघटनांचे लक्ष प्रामुख्याने कारखान्याच्या फाटकाच्या आत राहिले. फाटकाबाहेरच्या फेरीवाल्याला, मोलकरणीला, बिगाऱ्याला मालकच नव्हता, तर वर्गसंघर्ष कुणाशी करायचा?

दुसरे औषध मुक्त बाजारवाद्यांचे. कामगार कायदे सैल करा, ठेवणे-काढणे मालकाच्या मर्जीवर सोडा. कारखाने आपोआप वाढतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. दहा कामगार झाले की एक कायदा, वीस झाले की दुसरा, शंभर झाले की तिसरा, अशा पायऱ्यांमुळे अनेक लघुउद्योजक वाढण्याऐवजी लहानच राहणे पसंत करीत आले. परंतु नोकरीची सुरक्षा काढून घेतली की वेतन वाढते, याला पुरावा कोणता? चीनकडे पाहावे. तेथे कारखाने वाढले, हे खरे. पण १९५८ पासूनच्या कुटुंब-नोंदणी पद्धतीमुळे खेड्यातून आलेला कामगार स्वतःच्याच देशातील शहरात दुय्यम नागरिक ठरला. २०२३ साली अशा स्थलांतरित कामगारांची संख्या तीस कोटींच्या जवळपास होती. त्यांतील असंख्यांची मुले आजी-आजोबांच्या हवाली करून गावी ठेवावी लागली. कुटुंब मोडून मिळविलेल्या निर्यातीला आपण विकास म्हणायचे का?

हिंदुत्वाच्या दृष्टीने विचार करणाऱ्यांनी या दोन्ही टोकांपलीकडचा मार्ग फार पूर्वी मांडला आहे. २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्य टिळकांच्या जयंतीदिनी, भोपाळ येथे दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयीकरण अशी त्रिसूत्री त्यांनी दिली. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनीही अर्थनीतीचा विचार यंत्रापासून नव्हे, तर माणसापासून सुरू केला. प्रत्येक हाताला काम मिळाले पाहिजे, मग त्या हाताला साजेसे यंत्र कोणते, हे ठरवावे. यंत्र आधी आणून हात रिकामे ठेवू नयेत, ही त्यांची भूमिका होती.

माथाडीचा धडा

हा मध्यम मार्ग केवळ ग्रंथांत आहे, असे नाही. महाराष्ट्राने तो प्रत्यक्षात चालून दाखविला आहे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारपेठांत डोक्यावर ओझी वाहणारा माथाडी हा असंघटित श्रमिकाचा अगदी ठळक नमुना होता. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. कायम मालक नाही, कायम पगार नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने एक वेगळाच विचार केला. मालक बदलता असेल तर हक्क मालकाशी न जोडता कामाशी जोडावेत! व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के आकार मंडळाकडे भरायचा. मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि त्या आकारातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा आणि औषधोपचार यांची सोय करायची. ओझे उचलणारा तोच राहिला, पण तो आता नोंदणीकृत श्रमिक झाला.

कालांतराने या व्यवस्थेतही दोष शिरले. काही ठिकाणी माथाडीचे नाव घेऊन खंडणी मागणाऱ्या टोळ्याही दिसल्या. त्यांचा बंदोबस्त कठोरपणे झालाच पाहिजे. परंतु तत्त्व खोटे ठरत नाही. १९८१ साली सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांना आणि पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी कचरावेचक भगिनींना संघटित केले. विचारधारा भिन्न असली तरी चांगल्या कामाची नोंद मोकळ्या मनाने घेणे, ही आपली रीत आहे. दारोदारी वस्तू पोहोचविणाऱ्या तरुणांसाठीही आज हेच तत्त्व लागू पडते. नीती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे मंचाधारित कामगार सुमारे ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. त्यांचा मालक म्हणजे भ्रमणध्वनीतील एक ॲप! प्रत्येक फेरीवर आकार, तो एका मंडळात जमा आणि त्यातून विमा व निधी, हा माथाडीचाच मार्ग आहे.

‘असंघटित’ हा शब्दही तपासून पाहावा. हाताने काम करणारा माणूस मुळात असंघटित नव्हताच. नाशिकच्या लेण्यांतील इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेखात विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचा आणि तिचे व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी द्यायचे ठरल्याचा उल्लेख आहे. ज्या विणकरांवर राजघराणे ठेव सोपवीत होते, त्यांचे वंशज आज सावकाराच्या दारात उभे असतील, तर हा क्रम प्रगतीचा म्हणता येणार नाही.

मजुरीचे माप : माणूस की कुटुंब?

आता मुख्य प्रश्न. मजुरी किती असावी? बाजार म्हणतो, जितक्या कमी पैशांत माणूस मिळेल तितकी. भारतीय विचार असे म्हणत नाही. कौटिल्याने ठरलेली मजुरी बुडविणाऱ्यास दंड सांगितला आहे आणि मजुरी आधी ठरली नसेल तर शेतमजुराला पिकाचा दहावा भाग द्यावा, असा नियम घालून दिला आहे. शुक्रनीतीच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण तिच्यातील दंडक स्पष्ट आहे. सेवकावर ज्यांचे पोषण अवलंबून आहे, त्या सर्वांचे भरणपोषण होईल इतके वेतन त्याला मिळाले पाहिजे. आजारपणातील वेतन, वार्षिक रजा आणि दीर्घ सेवेनंतर निम्मे वेतन यांचाही विचार त्यात आहे.

स्वतंत्र भारतातही हेच तत्त्व एकदा सर्वसंमतीने स्वीकारले गेले होते. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरले, की किमान वेतन मोजताना एका मिळवत्यामागे तीन खाणारी माणसे धरावीत. प्रत्येकाला २७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. पत्नीची आणि मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरण्यास सांगितले. त्या निकालातील सणवारांचा उल्लेख महत्त्वाचा आहे. श्रमिकाने केवळ जिवंत राहावे एवढे पुरेसे नाही; त्याच्या घरी दिवाळीही व्हावी, हे न्यायालयानेही मान्य केले.

प्रत्यक्षात काय झाले? अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ साली, जुलै २०१८ च्या किमती धरून, दिवसाला ३७५ रुपये हे राष्ट्रीय किमान वेतन सुचविले आणि शहरांसाठी घरभाड्याचा वेगळा भत्ताही सुचविला. त्यापूर्वी २०१७ साली जो राष्ट्रीय किमान स्तर ठरला होता, तो होता १७६ रुपये. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच श्रमिकाच्या ताटातून उचललेला घास होय. शहरी माणसाचे वेतन गावच्या निर्वाहावर ठरते आणि खर्च मात्र शहराच्या दराने होतो. हा फरक भरून काढण्यासाठी आई चार घरची धुणीभांडी करते, मुलगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते, आणि तरीही न भरल्यास कुटुंब गावी आणि कर्ता शहरात अशी फाळणी होते. कुटुंब हा आपल्या समाजरचनेचा पाया आहे, असे आपण सभांतून सांगतो. तो पाया महिन्याच्या पगारपत्रकावरही टिकवावा लागतो.

संहिता आल्या, पुढे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता लागू केल्या. एकोणतीस जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली. किमान वेतनाचा हक्क सर्व श्रमिकांना, मंचाधारित कामगारांसाठी कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान, नियुक्तिपत्राची सक्ती, या तरतुदींचे स्वागतच केले पाहिजे. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत तीस कोटींहून अधिक असंघटित श्रमिकांची नोंद झाली, हीदेखील मोठी गोष्ट आहे. २०२० च्या टाळेबंदीत एक कोटीहून अधिक श्रमिक गावी परतले, तेव्हा ते कोण, कुठले, किती, हे शासनाच्या कोणत्याही दप्तरात सापडत नव्हते. ती नामुष्की पुन्हा येऊ नये.

परंतु आपले सरकार आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, ही ठेंगडींची परंपरा नव्हे. तीनशेपर्यंत कामगार असलेल्या उद्योगांना कामगारकपातीसाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची अट नको, ही औद्योगिक संबंध संहितेतील तरतूद मजदूर संघाला मान्य झालेली नाही आणि त्यात चूक काही नाही. वेतनाचा राष्ट्रीय स्तर ठरविताना १९५७ चे सूत्र आणि १९९२ चा निकाल हाच पाया राहिला पाहिजे. नाहीतर संहितेतील हक्क अतिशय खालच्या पातळीवरचा हक्क ठरेल. नोंदणीपत्र हाती आहे आणि लाभ एकही नाही, अशी अवस्था राहिली तर श्रमिकाचा कागदावरील विश्वासच उडेल.

आपल्या दारातील श्रमिक

एवढे सांगून शासनाकडे बोट दाखविले की आपले कर्तव्य संपले, असे मात्र नाही. या साप्ताहिकाचा वाचक हा बहुतांशी मध्यमवर्गीय आहे आणि मध्यमवर्गीय हा आज असंघटित श्रमिकाचा सर्वांत मोठा मालक आहे. स्वयंपाकाच्या मावशी, गाडी धुणारा मुलगा, संकुलाचा पहारेकरी, जिना झाडणारी भगिनी, या सर्वांची मजुरी कोणताही उद्योगपती ठरवीत नाही. ती आपण ठरवितो, गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत, हात वर करून.

साधा हिशेब करावा. समजा, शंभर सदनिकांच्या संकुलात एका वेळी दोन याप्रमाणे चार पहारेकरी बारा-बारा तास उभे असतात. त्याऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या, तर आणखी दोन माणसे लागतील. प्रत्येकी अठरा हजार खर्च धरला तरी महिन्याला छत्तीस हजार, म्हणजे प्रत्येक घरामागे तीनशे साठ रुपये. चौघांना माणसासारखी झोप आणि आणखी दोघांना काम, याची ही किंमत आहे. सभेत हा विषय निघाला, की सर्वांत कमी दराची निविदा तत्काळ संमत होते. त्या कमी दरात कुणाच्या तरी भविष्यनिर्वाह निधीचे आणि कुणाच्या तरी साप्ताहिक सुट्टीचे पैसे वजा झालेले असतात, हे विचारण्याचे आपण टाळतो.

हीच कसोटी आपल्या विचारांच्या संस्थांनाही लावली पाहिजे. शाळा, रुग्णालये, पतपेढ्या, वसतिगृहे अशी सेवाकार्ये समाजाच्या देणग्यांतून उभी आहेत आणि त्यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तेथील शिपाई, आया, सफाई कामगार यांना किमान वेतन, सुट्टी आणि निधी मिळतो का, हे विश्वस्तांनी दरवर्षी एकदा पाहावे. कार्यकर्त्याने स्वेच्छेने केलेला त्याग हे भूषण आहे; पण नोकराकडून सक्तीने करवून घेतलेल्या त्यागाला सेवा म्हणता येत नाही.

कार्यकर्त्यांना करता येण्याजोगी कामे अनेक आहेत. सेवावस्तीतील शाखेच्या किंवा अभ्यासिकेच्या जोडीला महिन्यातून एक दिवस ई-श्रम नोंदणी, बँक खाते आणि विमा यांचे साहाय्य केंद्र चालवावे. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा त्यांच्या प्रतिनिधींसाठी ठेवल्या आहेत. आपल्या नगरात ती समिती अस्तित्वात आहे का, तिच्या बैठका होतात का, हे विचारावे. बांधकामाच्या खर्चावर गोळा होणाऱ्या उपकराचा लाभ आपल्या भागातील बिगाऱ्यापर्यंत पोहोचतो का, याचा पाठपुरावा करावा. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती साजरी करताना त्या दिवशी वस्तीतील गवंड्याचा, लोहाराचा, शिंप्याचा सत्कार अवश्य करावा; पण शाल-श्रीफळासोबत त्याच्या मजुरीचा दरही विचारावा.

मजदूर संघाची एक जुनी घोषणा आहे : ‘देश के हित में करेंगे काम, काम के लेंगे पूरे दाम’. तिचा पूर्वार्ध श्रमिकाने आजवर निष्ठेने पाळला आहे. आपली शहरे त्याची साक्ष देत उभी आहेत. उत्तरार्धाचे देणे मात्र अजून आपल्याकडे आहे. आपल्या संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत निविदेचा विषय येईल, तेव्हा ते फेडण्यास प्रारंभ करता येईल.